उत्पलाचे पन्नास दिवस

सकाळचे सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती तेव्हा उत्पला म्हणाली, "मग यातलं कोणतं धरू, भंतेजी?"

भंते धम्मसार विहाराच्या ओट्यावर बसून आपलं भिक्षेचं पात्र पुसत होते. पुसून झालं. उजेडाकडं धरून पाहिलं. पुन्हा पुसायला लागले.

"परत सांग," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात एकदम पाच गोष्टी राहत नाहीत."

उत्पलाला रागच आला. झोपलेलं लेकरू टाकून ती इथं आली होती, अन् म्हाताऱ्याचं लक्ष पात्रात.

उत्पला खोब्रागडे म्हणजे तुमसरच्या या वस्तीतून विमानात बसून शिकायला गेलेली पहिली मुलगी. इंग्लंडात पाण्याच्या तपासणीचं शिकली, पहिल्या वर्गात पास झाली. शिकून झाल्यावर तिथं दोन वर्षं राहून काम शोधता येतं. त्या दोन वर्षांतले आता पन्नास दिवस उरले होते. चौदा नोव्हेंबरला मुदत संपणार. तोवर व्हिसाचे कागद करून देणारी नोकरी मिळाली तर राहायचं आणि चार वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, तिकडं न्यायचं. नाही मिळाली तर बॅग उचलायची.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून ती बारा दिवसांसाठी आली होती. त्यातले नऊ झाले. मैत्री अजून तिच्याकडं येत नव्हती. आई कुठं आहे म्हटलं की पोर मोबाइलकडं बोट दाखवायची.

"परत सांगते," उत्पला म्हणाली, आणि भरभर सुटली. "तिथंच पुढं पीएच.डी. करता येते, पण शिष्यवृत्ती पाहिजे, अन् ती कधी निघेल त्याचा भरवसा नाही. जर्मनीत जाता येते, पण त्यांची भाषा शिकावी लागते, पन्नास दिवसांत कुठली येते? हॉटेलात कप-बशा धुवायचं काम आजही भेटते, त्यावर कोणी व्हिसा देत नाही. पाण्याच्या कंपन्या आहेत, त्या माझ्या लायकीच्या. पाण्याच्या अन् तसल्याच मोठ्या मोठ्या कंपन्यांत तीनशे अठरा अर्ज केले मी. नाहीतर मग परत यायचं. नागपूरला प्रयोगशाळेत लागेन मी, पण वर्गात माझ्या मागं बसणारे तिथं साहेब झाले. त्यांच्या हाताखाली, भंतेजी?"

"तीनशे अठरा," भंते म्हणाले.

"हो."

"त्यातल्या किती जणांनी तुझं तोंड पाहिलं?"

"तसं नसते तिकडं. कंप्यूटरवर भरायचं सगळं. कंप्यूटरच वाचते, अन् कंप्यूटरच नाही म्हणते."

"कोणीच नाही पाहिलं?"

"चौघांनी पाहिलं. व्हिडिओवर. एकानं दुसऱ्यांदा बोलावलं होतं, तिथंच तर..."

तिथंच घोळ झाला होता. दुसऱ्यांदा बोलावलं त्या दिवशी ती आईला फोनवर म्हणाली, "झाल्यासारखंच आहे." आईनं मामाला सांगितलं. मामानं दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लावला, दहा बाय आठचा. कोट घातलेली उत्पला, मागं लंडनचं घड्याळ, खाली 'इंग्लंड येथे उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून एकवीस जणांचे फोटो. चौथ्या दिवशी तिकडून नकार आला. फ्लेक्स उतरवा, एवढं सांगायला उत्पलाची जीभ उचलली नाही.

त्याला पाच महिने झाले होते.

"हे कोणाला माहीत आहे?" भंतेंनी विचारलं.

"तुम्हाला."

"अन्?"

"तिकडच्या कंप्यूटरला."

भंते हसले. चांगले पोट धरून हसले. उत्पलाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा गप्प झाले.

"नवऱ्याला?"

"ते नागपूरला बँकेत आहेत. शनिवारी येतात अन् विचारतात, ट्रेनिंग संपलं का? मी म्हणते, चालूच आहे. आता म्हणायला तोंडच नाही राहिलं, भंतेजी. मैत्रीच्या शाळेचंही त्यांनी इथं काही पाहिलं नाही. म्हणतात, तिकडंच टाकू."

भंतेंनी पात्र पुन्हा पुसायला घेतलं.

"तुम्हाला काय," ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "तुम्हाला ना नोकरी, ना मुदत."

"मुदत नाही कशी? पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की उठायचं. मला तर बाराच दिवस उरलेत."

"मग कुठं जाणार?"

"अजून माहीत नाही."

"भीती नाही वाटत?"

भंते खरंच विचार करत बसले.

"गुडघ्यांची वाटते," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले. "चल. आज माझ्यामागं चल."

"वस्तीतून? लोक विचारतील मला."

भंते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा.

भिक्षेला जायची त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. ओळीनं जायचं. गरिबाचं असो, साहेबाचं असो, एकही घर गाळायचं नाही. दारात उभं राहायचं, मागायचं नाही. कोणी वाढलं तर 'सुखी व्हा' म्हणायचं, नाही वाढलं तर पुढचं दार.

उत्पला चार पावलं मागं, ओढणी डोक्यावरून घेतलेली. तरी ओळखायचं कोण राहतंय!

"कधी नेतेस वं पोरीला?" पहिल्याच दारातून आवाज आला.

"कागद होऊन राहिले, काकू."

दुसऱ्या दारात, "तिकडं बर्फ पडते म्हणे ऑफिसात जाताना?"

"पडते ना."

तिसऱ्या दारात एका बाईनं आपल्या नववीतल्या मुलीला ओढून पुढं केलं. "पाह्य, हिच्यावानी हो." पोरगी उत्पलाकडं देवाकडं पाहावं तशी पाहत राहिली. उत्पलाला हसता येईना.

मग चौक आला. पावसानं शुभेच्छुक धुऊन गेले होते. कोटातली उत्पला मात्र लख्ख होती.

"मामाला तुम्ही सांगा ना काढायला," ती कुजबुजली.

भंते चालत राहिले.

पुढचं घर सुगंधाकाकू रामटेक्यांचं. सुगंधाकाकूंच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या चहाला स्टेशनपर्यंत पोचलेली असायची. उत्पला लांबूनच गल्लीत वळली. म्हटलं, मागून जाऊ, पुढच्या दाराशी भंतेंना गाठू.

गल्लीतून बाहेर येऊन तिनं वाट पाहिली. भंते आले नाहीत. तिनं डोकावून पाहिलं.

भंते सुगंधाकाकूंच्या दारात तसेच उभे. भात वाढून झाला होता. ते हलत नव्हते. मान खाली, पात्र हातात... आणि अनवाणी पाय त्या वयाचे.

"काय झालं, भंते?" काकू घाबऱ्या झाल्या होत्या. "भात कच्चा राहिला का माझा? पोळी आणू?"

भंते उभेच.

शेवटी उत्पलाच परत फिरली. जवळ आली तसं भंतेंनी तिच्याकडं न पाहता पात्र तिच्या हातांत दिलं आणि दोन पावलं मागं सरले.

आता दारात उत्पला. हातात पात्र, त्यात गरम भात. बोटांना चटका बसत होता. खाली ठेवावं तरी कुठं?

"हे काय वं?" काकू म्हणाल्या. "इंग्लंडवाली भिक्षेला?"

उत्पलानं मागं वळून पाहिलं.

भंते रस्त्याकडं पाहत उभे होते.

"काकू," ती म्हणाली, "मला काम नाही."

"आँ?"

"नोकरी लागलीच नव्हती. तो फ्लेक्स... ते काही खरं नाही. पन्नास दिवसांत काम नाही भेटलं तर मला परत यावं लागते. मैत्रीला नाही नेता येणार. तुमच्या ओळखीत तिकडं कोणी असेल तर... कोणीही. लहानसहान कंपनी असली तरी चालते. मी उद्या बोलते त्यांच्याशी. आजच बोलते."

काकूंच्या हातात भाताची पळी तशीच.

"अन् आम्ही पेढे खाल्ले ना वं तुह्या नावानं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो, काकू."

"आमचे रामटेके तर दोन खाऊन आले."

उत्पलानं पात्रावरची बोटं बदलली.

"माय माय माय," एकाएकी काकूंनी पळी कपाळाला लावली. "माह्या नणंदेचा जावई तिकडंच कुठंसा आहे वं! काय करते ते नाही माहीत मला, पण गोरे लोक घरी जेवायला येतात त्याच्या. पाच महिने झाले, अन् मला एका शब्दानं नाही बोलली तू? माह्या समोरून जाते रोज, अन् बर्फाच्या गोष्टी सांगते!"

"लाज वाटत होती."

काकूंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग पात्राखालच्या लाल झालेल्या बोटांकडं. आपल्या पदरानं त्यांनी पात्र खालून धरलं आणि रस्त्यावर इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आवाज एकदम बारीक केला.

"तू भिऊ नको, माय. नणंदेच्या जावयाला तेवढं गुपचूप विचारते. बाकी माह्या पोटातच राहीन हे. लेकराची शपथ. कोणालाच नाही सांगत."

"सांगा, सुगंधाबाई," मागून भंते बोलले. "संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगा."