हौदातली माती आणि बिरूची दाढ

“वस्ताद, मैदानाच्या पत्रकावर माझं नाव का न्हाई?”

बिरू तालमीच्या दारातूनच ओरडला. सकाळच्या मेहनतीची वेळ. आम्ही सात-आठ जण मातीच्या हौदाच्या कडेला लंगोट आवळत होतो, ते तसेच थांबलो.

केरबा वस्ताद ओट्यावर बसून ऊस सोलत होते. वय अठ्ठ्याहत्तर. कोयता नाही, सुरी नाही. दात लावायचे, मान झटकायची, साल चर्रकन खाली! आम्हाला त्याची सवय झाली होती. नवा माणूस मात्र खुळ्यासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा.

“मीच काढाय सांगितलं,” वस्ताद म्हणाले.

“का?”

“दम न्हाई तुझ्यात.”

बिरूला असं बोलायची गावात दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. जत्रेचं मैदान चार दिवसांवर आलेलं. शेवटची मानाची कुस्ती बिरूनं मारावी म्हणून सारा गाव देव पाण्यात घालून बसला होता. आणि बिरू? तो तर त्या कुस्तीसाठीच जगत होता.

पण वस्तादांचं खोटं नव्हतं. दोन महिने झाले, बिरू पाचव्या मिनिटाला धापा टाकायचा. गुडघ्याची सूज उतरत नव्हती. संध्याकाळी अंग कणकणायचं. त्यावर त्यानं अस्सल पैलवानी इलाज केला होता. खुराक दुप्पट! बदाम दुप्पट, तूप दुप्पट, दुधाचं तर विचारूच नका. तरी वजन आपलं उतरतच होतं.

“खुराक अजून वाढवतो,” बिरू म्हणाला. “सांगा, काय खाऊ?”

वस्तादांनी हातातला ऊस कडकन मोडला आणि अर्धं कांडं पुढे केलं.

“हे खा.”

बिरू हसला. आम्हीही हसलो. दोन-दोन पोती पाठीवर घेणाऱ्याला उसाचं कांडं!

“सोलून देता?”

“दातानं सोल.”

त्यानं कांडं तोंडात धरलं... दाबलं... आणि थांबला. डोळ्यांत टचकन पाणी. दुसऱ्या बाजूनं धरलं. पुन्हा थांबला.

कांडं बाहेर आलं तेव्हा सालीवर रक्त होतं.

आता कुणी हसलं नाही.

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं.” एवढा मोठा गडी, पण आवाज पार बसला होता. “दाढ ठणकतीया. हिरड्यांतनं रक्त येतंय. घासाय गेलं की जास्तच येतंय. म्हणून... घासायचंच सोडलं.”

“आन् बदाम कसं खातूस?”

“कुटून. दुधातनं.”

घ्या! चावता येत नव्हतं म्हणून हा पठ्ठ्या सगळं पीत होता, आणि आम्ही समजत होतो की त्याला थंडाईची गोडी लागलीय.

“पर वस्ताद,” बिरू पुन्हा उसळला, “दाढंचा आन् कुस्तीचा काय संबंध? दाढ वर, गुडघा खाली!”

वस्ताद उठले. सरळ हौदात उतरले. मूठभर लाल माती उचलून त्यांनी बिरूच्या नाकाशी धरली.

“वास घे. काय काय हाय हिच्यात?”

“हळद, ताक, त्याल, कडुलिंबाचा पाला.” हे तोच सांगणार. माती खणायची, मळायची ती त्यानंच. फावड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

“लिंब कशापायी घालतूस?”

“आता हे काय इचारणं झालं? अंग खरचटतंय, सोलतंय. माती नासकी असली तर जखम चिघळंल. मग ते इख अंगभर...”

बोलता बोलता बिरूचा हात आपसूक गालाकडे गेला.

माती वस्तादांच्या मुठीतून हळूहळू खाली गळत होती.

“आयला!”

वस्तादांसमोर तोंडून काय निघालं याचं त्याला भानच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी गाल धरले. डोळे मोठे झाले. “हौदाची एवढी निगा ठेवतोय, आन् हितं सहा महिनं उघडी जखम! वस्ताद, म्हंजे गुडघा... ताप... समदं हितनंच?”

“समदं का थोडं, ते डॉक्टर सांगंल. आजच जायचं. सडकी दाढ लिंबाला ऐकत न्हाई, ती डॉक्टरलाच दाखवायची. बाकीच्या दातांस्नी मातूर लिंबाची काडी हाय, मिठाच्या कोमट पाण्याची चूळ हाय. रोज. दोन्ही येळला.”

“आन् मैदान?”

वस्तादांनी हाताला उरलेली माती हौदात झटकली.

“मैदान पुढल्या सालीबी भरतंय.”

बिरूची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं. वर्षभर घाम गाळून तोंडाशी आलेला घास होता तो. आमच्यातलं कुणीच त्याच्याकडे बघेना.

पण त्यानं मान वर केली तेव्हा चेहरा निराळाच होता. रोगाचं बूड सापडलं होतं ना! सहा महिने जो गडी आतल्या आत घाबरला होता, त्याला आज भीती कशाची ते कळलं होतं.

“पुढल्या साली पाच मिनटं न्हाई, अर्धा तास लढतो बघा!”

आणि तो धावलाच. तालमीमागच्या कडुलिंबाची करंगळीएवढी काडी मोडली, पानं ओरबाडली, टोक पुढच्या दातांनी चघळून मऊ केलं आणि हौदाच्या कडेला येऊन उभा राहिला. पाय रोवले. शड्डू ठोकला.

“आज तोंडातल्या एकेका किडीला चीतपटच करतो!”

आणि घासायला लागला. काय तो जोर! खांदे फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, हिरव्या फेसात रक्त मिसळून हनुवटीवरून ओघळ लागला. आम्ही टाळ्या पिटत होतो. “हाण बिरू, हाण!”

वस्तादांनी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण बिरूचा हात जागच्या जागी थांबला.

“हळू रं...” ते म्हणाले. “ह्या कुस्तीत दोन्ही पैलवान तूच हाईस.”