राणी का रडली?

खूप जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला ठाऊक नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. उन्हाळा संपता संपता तिथे एखादी नाटकमंडळी येई. खेळ पसंत पडला तर पावसाळाभर तिला गावात आसरा मिळे. नाहीतर गाठोडी उचलायची आणि पुढची वाट धरायची. पसंतीची रीत मात्र जगावेगळी होती. सगळा गाव खेळाला गेला, की घरांच्या राखणीला एक जण मागे राही. दुसऱ्या दिवशी गावाने त्याला खेळ सांगायचा, आणि तो म्हणेल ते खरे.

त्या वर्षी आलेल्या मंडळीत एकाहून एक सरस नट होते. प्रत्येकाला रडण्याचा एक तरी प्रवेश हवा होता. मालक कुणाचे मन मोडत नसे. जागा करायला त्याने गोष्टीचा एकेक तुकडा काढून टाकला होता. 'लोक नट बघायला येतात, गोष्ट कोण विचारतो?' असे तो म्हणे. आणि खरेच, आजवर कुणी विचारली नव्हती.

खेळ रंगला. राणी रडली, सेनापती रडला, वैरीसुद्धा रडला. पाटलांनी दोनदा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

राखणीला त्या वर्षी कुंभारीण होती. खेळ हुकला म्हणून ती आधीच फणफणली होती. सकाळी पारावर येऊन बसली आणि म्हणाली, "हं, सांगा."

"राणी काय रडली म्हणून सांगू! दगडाला पाझर फुटावा!" तिचा नवरा म्हणाला.

"का रडली?"

"राजा सोडून गेला ना तिला."

"का गेला?"

नवऱ्याने पाटलांकडे पाहिले, पाटलांनी सुताराकडे. सुतार म्हणाला, "ते काही दाखवलं नाही. पण गेला मात्र झोकात!"

"बरं, मग तिचं पुढे काय झालं?"

"पुढे सेनापती रडला."

मालकाला राहवेना. तो म्हणाला, "बाई, अख्ख्या गावाला रडवलंय आम्ही!"

"ते तर कांदाही रडवतो," कुंभारीण म्हणाली. "मी घरं राखत बसले. माझ्यासाठी यांच्याबरोबर काय धाडलंत तुम्ही?"

आणि तिने खेळ नापसंत ठरवला. गावाला वाईट वाटले, कारण नट गुणी होते. पण रीत ती रीत. गावाने भाकरी बांधून दिली आणि मंडळीला वेशीपर्यंत पोचवले.

आभाळ भरून आले होते. चढणीवर राणीचे काम करणारा नट थांबला.

"मालक, राजा मला सोडून का गेला होता हो?"

मालक म्हणाला, "अरे, मला वाटलं तुला ठाऊक असेल."

तात्पर्य: नुसत्या कसबाने डोळे ओले होतात, घरी न्यायला गोष्टच लागते.