हुकातली पिन

बैलगाड्या मागे पडून ऊस नुकताच ट्रॅक्टरवर आला होता, त्या काळातली गोष्ट. तांबड्या ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या, तशी हुकातली पिन कळवळली, "दादा, परवाना एकाच ट्रॉलीचा आहे. एवढा भार मला पेलायचा नाही."

"ओढणारा मी! तू नुसती धरून बस," तो गुरगुरला.

चढावर त्याची पुढची चाकं हवेत उचलली गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, तसा तो आणखीच फुगला. तेवढ्यात पिन तुटली आणि तिच्यासकट दोन्ही ट्रॉल्या उतारावरून घरंगळत ओढ्यात गेल्या.

तेव्हापासून तो एकच ट्रॉली ओढतो. तरी प्रत्येक चढाआधी नव्या पिनेला विचारतो, "जड होतंय का गं?"

"नाही दादा. पण सारखं का विचारतोस?"

तो हळूहळू चढाला लागतो. जिला विचारायला हवं होतं, ती ओढ्यात गंजत पडली आहे.