रेंजचा बेहडा

मोबाइल नुकते खेड्यापाड्यांत पोचले होते, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरावर बेहड्याचं झाड होतं. खाली गावात रेंज नसे, मिळे ती या झाडाखालीच. म्हणून लोक त्याला ‘रेंजचा बेहडा’ म्हणत. ऐकून ऐकून बेहड्याला खरंच वाटू लागलं, की दूरदूरचे आवाज आपणच ओढून आणतो. वारा सुटला की तो फांद्या आवरून धरी. न जाणो, कुणाचं बोलणं तुटायचं!

मग शेजारच्या टेकाडावर टॉवर उभा राहिला आणि घराघरांत रेंज आली. बेहड्याकडची पायवाट गवतानं बुजली.

बेहडा म्हणाला, “टॉवरदादा, तुझी करामत मोठी! चुलीपुढं बसून माणसं दुबईशी बोलतात. माझी विद्या मात्र संपली. आता सरपणाला तोडतील मला.”

“वेड्या, आवाज तेव्हाही तू आणत नव्हतास,” टॉवर म्हणाला. “पलीकडच्या घाटावरचा माझा भाऊ पाठवायचा.”

बेहडा ओशाळला. इतकी वर्षं उगाच मिरवलो म्हणायचं!

तेवढ्यात गवत तुडवत गावातली नवी सून हौसा वर आली. बुंध्याला टेकून तिनं माहेरी फोन लावला.

“घरात रेंज हाय की, आये,” ती डोळे पुसत म्हणाली, “पर तितं मी सून. हितं आलं की तुजी लेक हुती.”

वारा सुटला होता. टॉवरनं तिचा आवाज अलगद उचलला, आणि बेहड्यानं फांद्या आवरून धरल्या.