क्रमांक एकतीस

एकदा एका समाजकार्याच्या विद्यार्थिनीचा प्रबंध पुरा झाला. अल्पसंख्याकांच्या वस्त्यांवर होणारे हल्ले आणि नंतर वर्षानुवर्षे त्यांच्या वाट्याला येणारा भेदभाव, हा तिचा विषय. चार वर्षे वणवण करून तिने चाळीस जणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. सादर करण्याची मुदत आठ दिवसांवर आली, तेव्हा तिने सारे बाड आपल्या वृद्ध गुरुजींपुढे नेऊन ठेवले. शाबासकीची अपेक्षा होतीच, आणि त्यात गैर काही नव्हते.

गुरुजींनी बाडाला हातही लावला नाही. "जिच्याविषयी सर्वांत जास्त लिहिलंस, तिला आधी वाचून दाखव."

"पण सर, मुदत..."

"ठाऊक आहे मला."

शिष्या मनातून चरफडली. तरी एसटी धरून ती तालुक्याच्या गावी, पिंजारगल्लीत गेली. जैतुनबी गादी शिवत बसल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीच्या दंगलीत त्यांचे दुकान जळाले होते. नाव गुप्त राहावे म्हणून प्रबंधात त्यांना 'क्रमांक एकतीस' म्हटले होते.

शिष्या वाचू लागली. दुकान जळाले, घरमालकाने बाहेर काढले, शाळेने मुलीचे नाव कमी केले. ऐकता ऐकता जैतुनबींचा हात थांबला.

"ही कोन बाई गं?"

"तुम्हीच, चाची."

"मी न्हाई ही. हिला नुसतं रडायलाच येतं व्हय? शाळेच्या फाटकात नऊ दिस बसले, पोरीला वर्गात घेतल्याबिगर उठले न्हाई. जळल्या जागीच दुकान परत मांडलं. समदं सांगितलं हुतं तुला. ते कुटं गेलं?"

शिष्येचा चेहरा उतरला. ते कुठे गेले, हे तिला पक्के ठाऊक होते. मुलाखतीच्या कागदावर त्या मजकुरापुढे 'विषयांतर' असे लिहून तिनेच फुली मारली होती. काय सोसले, यावर प्रश्नावलीत सव्वीस प्रश्न होते; त्यावर काय केले, असा एकही नव्हता.

परतल्यावर तिने विचारले, "सर, न वाचता कसं ओळखलंत?"

"प्रश्नावली मीच मंजूर केली होती. चूक मलाही उशिरा दिसली," गुरुजी म्हणाले. "जाळणाऱ्यांना तिथे माणूस दिसलं नाही. आपल्यालाही फक्त जळलेलं दुकान दिसलं. तिच्यावरचा अन्याय एका अक्षरानेही कमी करू नकोस. पण त्याला ती कशी पुरून उरली, हे आलं नाही तर तिची हकीकत अर्धीच राहते."

मुदत हुकली. सहा महिने वाढवून मागावे लागले. फुली मारलेला मजकूर चाळीसही जणींच्या कागदांत निघाला, आणि तो लिहिताना शिष्येला त्या बायकांचा असा अभिमान वाटला, जो चार वर्षांत कधी वाटला नव्हता.

ती पुन्हा पिंजारगल्लीत गेली. वाचनात शाळेचे फाटक आले, तसे जैतुनबींनी सुई गादीत खोवली, पदर सारखा केला आणि उंबऱ्यात उभे राहून गल्लीला हाक दिली,

"या गं समद्या ऐकायला! एकतीस नंबर म्हंजी मीच हाय!"