गोड पाण्याची टाकी

“नावातच तुरट! आपल्या गोड पाण्यात ही काय उजेड पाडणार?” सासूच्या तोऱ्यात टाकी बोअरच्या कानाशी लागली. वस्तू बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. पाण्यातलं दात खराब करणारं फ्लोराईड काढायला गावाने चुना आणि त्याची नवी नवरी तुरटी यांना आणलं होतं. पोत्यात बसल्या बसल्या तुरटीने ते ऐकलं.

“माझं पाणी काचेसारखं नितळ आहे,” बोअर गुरगुरला. “चुनोबा, बायकोला आवरा!” चुनोबांनी पोत्याचं तोंड ओढून घेतलं.

तुरटी मात्र नळाकडे बघत होती. तिथे पाणी पिणाऱ्या पोरांचे दात पिवळे पडले होते, त्यांत खड्डे होते. तेवढ्यात टाकीने झाकण गच्च लावून घेतलं, तशी तुरटी म्हणाली, “उघडा झाकण, सासूबाई. तुमच्यासारख्या ज्यांना दातच नाहीत, त्यांना हे पाणी गोडच लागायचं!”