शांत काटा

“मग चूक कोणाची, अण्णा?”

निरंजन सामंताने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा केळुसकर पडवीत भिजवलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबला, साल सटकन बाजूला झालं.

“चौकशी समितीनं काय म्हटलं?”

“मीटरची. भिंतीवरचं मीटर अडकलेलं होतं.”

“आणि?”

“आणि... भिवाजीची. हातातलं मीटर न घेता आत गेला.”

“आणि तुझी?”

“माझी नाही.”

“मग झालं तर,” अण्णा म्हणाले. “पाट घे. वाल सोलू लाग.”

निरंजन पाटावर बसला खरा, पण वालांना त्याने हात लावला नाही. एवढ्यासाठी का तो पाच तास गाडी हाकत आला होता?

अण्णांनी एकतीस वर्षं एका संशोधन अणुभट्टीवर पाळ्या सांभाळल्या होत्या. आठ तासांची पाळी. त्या आठ तासांत भट्टी, तिचं पाणी, तिचे पंप आणि आतली माणसं, सगळ्यांचा भार एकाच्या शिरावर. निवृत्त झाल्यावर ते खाडीकाठच्या या गावी आले. गावानेही माणूस बरोबर ओळखला आणि नळपाण्याचा पंप त्यांच्या गळ्यात घातला. दुसरं कोणी घेत नव्हतं हेही खरं.

निरंजन त्यांचा सगळ्यात हुशार चेला. असं सगळेच म्हणत. निरंजन जरा आधीपासून म्हणत असे.

अण्णांची खुर्ची त्याला मिळाली त्याला आता सहा वर्षं झाली होती. येत्या सोमवारी चारही पाळ्या त्याच्या हाताखाली येणार होत्या. त्याआधी एक कागद तेवढा सही करून द्यायचा होता. तो कागद खिशात होता, आणि सकाळपासून त्याचा हात चार वेळा तरी त्या खिशाकडे गेला होता.

“भिवाजी कसा आहे?” अण्णांनी विचारलं.

“बरा आहे. जिवाला धोका नाही म्हणतात डॉक्टर.”

“मी जिवाचं नाही विचारलं.”



भिवाजी तांडेल एकोणतीस वर्षं भट्टीवर होता. भट्टी ज्यात बुडालेली असे त्या तलावाचं पाणी गाळणाऱ्या खोलीत रोज जाऊन यायचं, गळती आहे का पाहायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी गाळणीत नको तेवढी किरणोत्सारी घाण साठली होती आणि खोली किरणांनी तापली होती. बाहेर भिंतीवरच्या किरण मोजणाऱ्या मीटरचा काटा मात्र नेहमीच्या जागी होता. भिवाजी आत दहा मिनिटं राहिला. बाहेर आल्यावर खिशातल्या किरणमापकाने सांगितलं की वर्षभरात जास्तीत जास्त घ्यायचा तेवढा किरणांचा मार त्याने दहा मिनिटांत खाल्ला होता, वर आणखी थोडा.

आता त्याला भट्टीच्या दारातही पाऊल टाकायला बंदी होती. भांडाराच्या खिडकीत बसून तो दुसऱ्यांना हातमोजे वाटत असे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडायचा तेवढा बाकी होता.

तो शेरा निरंजनच्या खिशातल्या कागदावर अवलंबून होता.

“हातातलं मीटर का नाही नेलं त्यानं?”

“दुसऱ्या टोळीकडे होतं. यायला अर्धा तास लागला असता.”

“मग थांबला का नाही?”

निरंजनचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

“निरंजन.”

“मी म्हटलं, भिंतीवर दिसतंय ना? जा.”

अण्णांचा हात वालांवर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“तो काही बोलला?”

निरंजनने खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलल्या होत्या. त्याला वाटलं, हे इथे न सांगितलं तरी चालेल. समितीपुढे नाही का चाललं?

“पाळी बदलताना बोलला होता,” तो म्हणाला. “सायेब, काटा लय शांत हाय म्हणाला. अकरा दिस झाले, जागचा हालला नाय.”

“तू काय म्हणालास?”

“मी हसलो.”

“नुसता हसलास?”

“म्हणालो, काटा शांत आहे तर तुझ्या पोटात का दुखतंय? सगळे हसले, अण्णा. तोही हसला.”

निरंजन तसा हळवा माणूस नव्हता, पण ते हसू त्याला महिनाभर झोपू देत नव्हतं.

“त्यानं हे समितीला सांगितलं?”

“नाही. एक शब्द नाही. साहेबांनी पाठवलं हेसुद्धा नाही. माझं चुकलं म्हणाला.”

“आणि तू?”

“मला कोणी विचारलं नाही.”

“अळीमिळी गुपचिळी,” अण्णा म्हणाले. त्यांनी परातीतली सालं एका बाजूला केली. “नोंदवहीत असेल की. खटकलेल्याच्या रकान्यात.”

हे बोलणं निरंजनच्या वर्मी लागलं. अण्णांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

अण्णांच्या काळी पाळी बदलायची म्हणजे चाळीस मिनिटांचा सोहळा असे. जाणाऱ्या पाळीतला प्रत्येक जण येणाऱ्यांसमोर उभा राहायचा आणि अण्णा एकच विचारायचे, आज काय खटकलं? ‘काही नाही’ हे उत्तर चालत नसे. काही खटकलं नसेल तर परत फेरी मारून या, मग घरी जा. त्यामुळे लोक काहीबाही सांगत. पंपाचा आवाज जाड येतो. जिन्यात दिवा मिचमिचतो. भिवाजी तर रोज नवं काढायचा. चहा पाणचट आहे, दार कुरकुरतं, आणि केळुसकरसाहेब आज भलतेच किरकिरे आहेत. अण्णा तेही नोंदवहीत लिहून घेत. स्वतःच्या हाताने.

निरंजनने सहा वर्षांत तो चाळीस मिनिटांचा सोहळा बारा मिनिटांवर आणला होता. छापील तक्ता, टिचभर चौकटी, बरोबरच्या खुणा. त्याबद्दल त्याला मानपत्र मिळालं होतं. त्याच्या पाळीत तक्रारी सगळ्यात कमी. वरचे लोक पाहुण्यांना दाखवायला आणत, ही आमची सगळ्यात शांत पाळी.

“तो रकाना मी काढला, अण्णा,” तो म्हणाला.

“हं.”

“वेळ जात होता.”

“जायचा खरा,” अण्णा म्हणाले. “चहाबद्दल फार लिहायला लागायचं.”

पडवीतल्या घड्याळात चार वाजायला आले होते. अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चल. गावाला पाणी सोडायचंय.”

पंपघर चार घरं सोडून होतं. पत्र्याची एक खोली, भिंतीला लागून भाताची गिरणी. गिरणी जोरात चालू होती आणि पंपघराच्या जमिनीलाही तिचे हादरे बसत होते. अण्णांनी कुलूप काढलं, कोनाड्यातली वही निरंजनच्या हातात दिली, दोरीला बांधलेलं पेन दिलं.

“चारचं रीडिंग लिही. मी जरा झडप बघतो.”

निरंजनला थोडं हसू आलं. एवढी मोठी अणुभट्टी चालवणारा माणूस, आणि अण्णा त्याच्याकडून गावच्या पंपाचं रीडिंग घेत होते! त्याने पाइपावरच्या गोल काचेत पाहिलं. मग लिहिलं. वेळ, चार. दाब, तीन. पंपाची स्थिती, ठीक.

अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखं होतं.

अण्णा आले. वहीत डोकावले.

“तीन?”

“बरोबर तीन. काटा अगदी रेघेवर आहे.”

“पंप कोणी सुरू केला?”

निरंजनने वळून पाहिलं. खटका खाली होता. धडधड येत होती ती शेजारच्या गिरणीची. पंप सकाळपासून बंद होता.

अण्णांनी काचेवर टिचकी मारली.

काटा दचकल्यासारखा हलला आणि थेट शून्यावर येऊन पडला.

गिरणी चालूच होती.

मग अण्णांनी खटका वर केला. पंप खोकला, थरारला, पाणी चढू लागलं. काटा उठला. दोनवर गेला, पुढे सरकला, मागे आला, तीनच्या अलीकडेपलीकडे नाचत राहिला.

“आता किती?”

“तीन... तीनच्या आसपास.”

“आसपास,” अण्णा म्हणाले. जणू पोराने पहिल्यांदा नीट पाढा म्हटला होता.

निरंजनने आपला ‘तीन’ खोडला. ‘ठीक’ खोडलं. वहीला आणखी एक रकाना होता, रिकामा. त्यावर अण्णांच्या हातचं लिहिलेलं होतं, खटकलं. त्याने मागची पानं चाळली. रोजचं काही ना काही होतं. पाण्याला शेवाळाचा वास. कुलूप घट्ट. आज माझा हात कापतो.

“हे शिकवलं होतं तुम्ही मला,” तो म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात. आधी टिचकी, मग आकडा.”

“शिकवलं होतं.”

“मग मी कसा विसरलो?”

“तू विसरला नाहीस. तू मोठा झालास. साहेबानं टिचकी मारली तर हाताखालच्यांना वाटतं, साहेबाला खात्री नाही.” अण्णांनी पाइपावरून हात फिरवला. “तुझं नाव मीच सुचवलं होतं. माझ्यापेक्षा हुशार आहे, असं लिहून दिलं. तुझं कधी काही चुकायचं नाही, निरंजन. तेच मला खटकायला हवं होतं. तेवढं लिहायचं माझं राहिलं.”

आयुष्यात पहिल्यांदा निरंजनला अण्णा म्हातारे दिसले. त्याला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायला सुद्धा त्याला लाज वाटली.

त्याने खिशातून कागद काढला. टंकलेलं निवेदन, खाली सहीपुरती जागा. ‘घटनेपूर्वी मापकाबाबत कोणतीही तोंडी सूचना मला मिळाली नव्हती.’ एवढ्या एका वाक्यावर सोमवारची खुर्ची उभी होती. त्याने कागद पंपाच्या चौथऱ्यावर ठेवला. कागद थरथरत होता, कारण चौथराच थरथरत होता. दोरीचं पेन तिथवर पुरेना, तेव्हा त्याने कागद दोरीपाशी आणला.

ते वाक्य त्याने खोडलं. खाली लिहिलं, भिवाजी तांडेल यांनी मला सांगितलं होतं. मी हसलो आणि त्यांना आत पाठवलं.

अक्षर मोत्यासारखं आलं नाही. त्याने खाली सही केली.

“वाचा,” तो म्हणाला.

अण्णांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

“खुर्ची जाईल.”

“जाऊ दे.”

“हं.” त्यांनी कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली, वर दोनदा थोपटलं.

बाहेर नळांना पाणी आलं होतं. कळशा लागल्याचे आवाज येत होते. निरंजनला महिन्याभरात प्रथमच छाती मोकळी वाटली. गाडीपाशी पोचल्यावर तो थांबला.

“इथून थेट भिवाजीकडेच जातो. शेरा तर आता पडणार नाही. त्याची माफी मागतो, आणि त्याला सांगतो, उद्यापासून जे खटकेल ते मला तोंडावर सांग. पूर्वी तुम्हाला सांगायचा तसं.”

अण्णांनी पंपघराची किल्ली कनवटीला लावली.

“सांगेल ना तो, अण्णा?”

“परवा आला होता इथं,” अण्णा म्हणाले. “बोंबील घेऊन. दुपारभर बसला.”

निरंजनचा हात गाडीच्या दारावरच राहिला.

“काय म्हणाला माझ्याबद्दल?”

“सामंतसाहेब चांगले आहेत, म्हणाला.”

“खरंच?”

अण्णांनी ओहोटीच्या चिखलाकडे पाहिलं...

“तीनदा विचारलं मी. तिन्ही वेळा तेच म्हणाला. एक अक्षर जागचं हललं नाही.”